पांढरा केलेला दात

माझ्या धाकट्या बहिणीचा वरचा पुढचा एक दात काळा होता. त्या एका दातानं तिचं आयुष्य ठरवलं, असं मी म्हणते तेव्हा लोक हसतात. हसोत बापडे. त्यांचे दात शाबूत आहेत.

ती लहान असताना विहिरीवरच्या रहाटाचा दांडा हातातून सुटला, उलटा फिरला आणि तिच्या तोंडावर बसला. दात पडला नाही. हलला, आणि काही दिवसांनी पुन्हा घट्ट झाला. आयनं हळद दाबली, देवाला नारळ फोडला आणि विषय संपवला. पण तो दात आतून मेला होता. आधी पिवळा झाला, मग राखेच्या रंगाचा आणि शेवटी जांभळासारखा काळा. मधूनच वरच्या हिरडीवर पुळी यायची, फुटायची, बसायची. बहिणीला त्याचा फारसा त्रास नव्हता. त्रास व्हायचा तो बघायला येणाऱ्यांना.

आमचं गाव मळवली स्टेशनापासून पायी जाण्याइतकं जवळ, लोहगडाच्या अलीकडे. भाताची खाचरं होती, म्हशी होत्या, खाऊन-पिऊन बरं होतं. माझं लग्न लवकर झालं आणि मोडलंही लवकर. नवरा तापानं गेला. आमच्या घरात विधवेचा पाट लावायची, दुसरं लग्न करायची चाल नव्हती, त्यामुळे कपाळ पुसून मी माहेरी आले ती आलेच. घरात एक विधवा आणि एक काळ्या दाताची उपवर पोर. आबा, म्हणजे माझे वडील, ओसरीवर बसून नुसते आढ्याकडे बघत.

एकदा पवनेकडचे पाहुणे बहिणीला बघायला आले. दाराआड मी उभी होते. त्यांच्यातली एक बाई आमचाच गूळ खात आणि आमचंच पाणी पीत म्हणाली, "थोरलीनं एक खाल्ला, अन् धाकटी तर काळा दात घिऊनच बसलीया. कोन करंल हितं सोयरीक?" त्या बाईचं तोंड मला अजून आठवतं. तिला स्वतःला पुढचे दोन दात मुळातच नव्हते.

त्या दिवसापासून बहीण हसताना तोंडावर हात धरायला लागली. आणि ती जातीची हसरी होती हो. म्हशीनं शेपूट मारली तरी हसायची, मी रागावले तरी हसायची. हात आडवा आला की ते हसू अर्ध्यात मरायचं. मला त्याचा फार राग यायचा, आणि राग काढायला माझ्याजवळ जात्याशिवाय काही नव्हतं.

उपाय आणला मामानं. मामा लोणावळ्याला एका बंगल्यात माळी होता. बंगल्याचे मालक मुंबईचे दाताचे डॉक्टर. उन्हाळाभर ते तिथं राहात आणि एका खोलीत खुर्ची मांडून आसपासच्या बंगल्यांतल्या लोकांचे दात बघत. मामा आयला म्हणाला, "अगं, काळा दात धुऊन मिळतो. आमचा डाक्टर मडमांचं दात धुतो, मी सवता बघितलंय. आपल्या पोरीचा फुकाट बघंन म्हनालाय."

आयला दोन्ही हातांनी आभाळ गवसल्यासारखं झालं. पण उपवर पोरीला परक्या पुरुषाकडे एकटं कसं धाडायचं? आय मला म्हणाली, "तू जा तिच्या संगं. तुला कोन काय म्हननार हाय?" ते खरंच होतं. लाल लुगडं नेसलेल्या, कुंकू नसलेल्या बाईकडे कुणी बघत नाही. गाडीत बसा, बाजारात फिरा, कुणी विचारत नाही. ज्या कामाला दुसरं कुणी नको असतं त्या कामाला आम्ही चालतो.

मळवलीहून लोणावळा म्हणजे एकच स्टेशन. बहीण खिडकीला नाक लावून बसली होती आणि हात तोंडावर होता.

डॉक्टर वयस्क होते. अंगाला लवंगेच्या तेलाचा वास, आणि बोलायची हौस दांडगी. पायानं चालवायच्या यंत्रानं त्यांनी दाताला मागच्या बाजूनं, बाहेरून दिसणार नाही असं, भोक पाडलं. मग केसासारखी बारीक काटेरी तार आत घालून फिरवली आणि ओढली. तारेला काळी घाण चिकटून आली. तिचा वास असा की मी खिडकीकडे तोंड केलं. नंतर त्यांनी बारीक नळीच्या पिचकारीनं दातात एक पाणी सोडलं. त्याला स्टेशनाच्या मोरीत टाकायच्या पांढऱ्या पावडरीचा वास होता. दातातून फेस आला. तो टिपायचा, पुन्हा पाणी सोडायचं, पुन्हा टिपायचं. बहिणीनं माझं बोट धरलं होतं, पण तिला दुखत नव्हतं. मेलेल्याला काय दुखणार?

"हे पाणी काय करतं?" मी विचारलं. आमच्यासारखीनं प्रश्न विचारला याचं त्यांना कौतुक वाटलं असावं. त्यांनी हातातलं काम थांबवून सांगितलं, "बाई, हे पाणी सडलेलं मांस खातं. दाताच्या आत जी नळी असते तिच्यात मेलेलं, कुजलेलं साठलेलं आहे. तारेला जे सापडत नाही ते हे पाणी विरघळवतं. पण त्याला सडलेलं आणि चांगलं यांतला फरक कळत नाही. दातामध्ये चुना असतो आणि त्या चुन्याला धरून ठेवणारा चिवट भाग असतो. जास्त वेळ राहिलं तर हे पाणी तो चिवट भागही खातं. म्हणून बेतानं वापरायचं."

मला पटकन समजलं. आम्ही भिंत लिंपतो तेव्हा मातीत भाताचं तूस कालवतो. तूस नसेल तर माती वाळते, वरून छान गुळगुळीत दिसते आणि बोट लावलं की तडकते. मी तसं बोलूनही दाखवलं. डॉक्टर म्हणाले, "अगदी तसंच."

काही फेऱ्यांत दात आतून स्वच्छ झाला. पुळी यायची थांबली. डॉक्टर भोक बुजवून मोकळे होणार होते. पण दात अजून पिवळट-करडा होता. बहीण घरी आली तशी आयनं तिची हनुवटी धरून तोंड उजेडात धरलं आणि म्हणाली, "ह्ये काय? निम्मंच धुतलं व्हय? सांग त्यास्नी, अजून एक हात मारा म्हनावं." भिंतीला चुन्याचा दुसरा हात द्यावा तसं!

मी डॉक्टरांना आयचा निरोप सांगितला. त्यांनी मान हलवली. म्हणाले, पांढरा करता येईल, पण त्यासाठी पुन्हा तेच पाणी, शिवाय दुसरं एक जहाल औषध आत ठेवावं लागेल, आणि दात आणखी ठिसूळ होईल. मग वर सोन्याची टोपी बसवायला हवी. टोपी नसेल तर तो दात दिसायला असेल, कामाला नसेल.

हे मी घरी जसंच्या तसं सांगितलं. आय उसळलीच. "सोन्याचा दात? म्हंजी सगळ्या गावाला दवंडी! टोपी न्हाई पायजे. पांढरा करा म्हनावं." आबा म्हणाले, "दिसला म्हंजी झालं. लगीन तर हू दे." आणि बहीण काय म्हणाली? ती म्हणाली, "अक्का, पांढरा हू दे ना गं." पुढच्या खेपेला मी डॉक्टरांना तसंच सांगितलं.

दात पांढरा झाला. इतका पांढरा की शेजारचे दात मळके दिसायला लागले, आणि आयनं तिला बाकीचे दात राखुंडीनं हिरड्या सोलेपर्यंत घासायला लावले. शेवटच्या दिवशी डॉक्टरांनी आम्हा दोघींना समोर उभं करून बजावलं, "या दातानं कडक काही चावायचं नाही. ऊस नाही, फुटाणे नाहीत, भाकरीचा कडक पापुद्रा नाही. चावायचं ते दाढेनं." आम्ही दोघींनी माना डोलावल्या. घरी आल्यावर आयनंही ते मनावर घेतलं. बहिणीची भाकरी कालवणात बुडवून मऊ व्हायची, शेंगदाणे कुटून मिळायचे. खाण्यातलं आम्ही सगळं पाळलं.

पुढं मी तळेगावच्या इस्पितळात नर्सिंग शिकले तेव्हा तसल्याच पाण्यानं आम्ही चिघळलेल्या जखमा धुवायचो. बाटलीचं बूच काढल्याबरोबर मी तो वास ओळखला. नंतर एकदा खाटकाकडून बकऱ्याचा एक दात आणून मी बशीत त्या पाण्यात बुडवून ठेवला, पाणी बदलत राहिले. दात पांढराशुभ्र झाला. असा दात पैसेवाल्या बाईच्या तोंडातही नसेल. मग मी तो पालथ्या बशीवर ठेवून चमच्यानं दाबला. खडू मोडावा तसा मोडला. मोडलेल्या जागी बोट फिरवलं तर बोटाला पीठ लागलं. तो प्रयोग मी कशासाठी केला मला ठाऊक नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं खरं होतं, एवढंच पुन्हा कळलं.

पण ते पुढचं. दात पांढरा झाल्यावरचे दोन-तीन महिने आमच्या घरातले सगळ्यात चांगले दिवस होते. बहिणीचा हात तोंडावरून खाली आला. ती खळखळून हसायची आणि आय लटकंच ओरडायची, "भवाने, दात काय दाखवतीस?" आणि स्वतःच हसायची. सोमाटण्याची माणसं बघायला आली. मुलाची आई मोठी करडी. तिनं बहिणीला चालवून बघितलं, बोलवून बघितलं, जवळ बसवून हसवूनही बघितलं. बहीण हसली. पसंती झाली. त्या वेळी डॉक्टरांचे उपकार कसे फेडावेत असं मला वाटलं होतं, हे लपवत नाही.

लग्न आमच्या दारात लागलं. मी स्वयंपाकघरात मागच्या बाजूला, भाताच्या हंड्यांपाशी. तांदूळ निवडायला, भांडी विसळायला विधवा चालते. मांडवात पाऊल टाकायला चालत नाही. हळद लागली, अक्षता पडल्या, सगळं मी भिंतीपलीकडून ऐकलं. बहिणीचं मुंडावळ्या बांधलेलं तोंड मी पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी नवरा-नवरीची हळद उतरवली आणि मांडवात विडे तोडायला बसवलं. ही आमच्याकडची मौज. नवरीनं पुढच्या दातांत विड्याचं टोक धरायचं, नवऱ्यानं हात न लावता दुसरं टोक आपल्या दातांनी तोडून घ्यायचं. मग त्यानं धरायचा, तिनं तोडायचा. पानाचा झाला की खोबऱ्याच्या तुकड्याचा. तो सुका, कडक. करवल्या मुद्दाम जाड तुकडा देतात, दोघांची डोकी आपटावीत म्हणून. भोवती आरडाओरडा, चिडवाचिडवी.

मी भात वैरत होते. बाहेर करवली ओरडली, "आता खोबरं! वैनी, दात घट धरा, सोडायचं न्हाई!"

माझ्या हातातलं सूप खाली पडलं. ऊस नाही, फुटाणे नाहीत, पापुद्रा नाही. विड्याचं कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. विडा हे खाणं थोडंच असतं? तो खेळ. आय मांडवात होती, तिला कालवणात बुडवलेली भाकरी आठवत होती, खोबरं नाही. आणि बहीण? तिच्याभोवती शंभर माणसं हसत होती. "मी तोडणार नाही" असं नवरी कसं म्हणणार, आणि कारण काय सांगणार?

मी मांडवाच्या दाराकडे धावले. दारात चुलती आडवी आली. "अगं ये, कुटं निगालीस? तितं जोडपं बसलंय. तू बाजूला हो." मी म्हटलं, "काकू, तिला खोबरं तोडू देऊ नका." ती म्हणाली, "का? खोबऱ्यात काय हाय?" आता हिला काय सांगायचं? सांगितलं तर दाताचं बिंग सगळ्या मांडवात फुटणार. नाही सांगितलं तर दात फुटणार. मी काकूचा हात झिडकारला. तिनं माझा दंड धरला. तेवढ्यात मांडवात हशा झाला, आणि मग हशा थांबला. अर्ध्यात, एकदम.

त्या शांततेत मी दारातूनच बघितलं. नवऱ्याच्या तोंडात खोबऱ्याचा तुकडा होता आणि तुकड्यात माझ्या बहिणीचा अर्धा दात रुतलेला होता. रक्ताचा थेंब नाही. बहिणीला दुखलंसुद्धा नव्हतं. काय झालं ते तिला जिभेनं चाचपल्यावर कळलं, आणि तिचा हात तोंडावर गेला. नवऱ्यानं तुकडा मुठीत लपवला. तो माणूस वाईट नव्हता. पण त्याच्या आईनं त्याची मूठ उघडली. दाताचा तुकडा बोटांत धरला, नखानं खरवडला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "रगत न्हाई, काई न्हाई. ह्यो काय दात हाय व्हय? शिंपला हाय. आमाला मेलेला दात दावून पोर गळ्यात बांदली."

लग्न लागलेलं होतं, ते मोडत नाही. बहीण सोमाटण्याला गेली. पण गेली ती फसवणुकीचा माल म्हणून. घरात दूध नासलं तरी दात, बैल लंगडला तरी दात. बहिणीनं मात्र त्या दाताचं नाव या घरात पुन्हा काढता कामा नये, असा सासूचा हुकूम होता. बहीण माहेरपणाला आली तेव्हा पदर तोंडावर घट्ट धरून बसलेली. मी म्हटलं, "पुन्हा डॉक्टरांकडे जाऊ. खुंट तरी काढून टाकू." ती म्हणाली, "नगं अक्का. सासूबाईस्नी कळलं तर मला घरात घ्यायच्या न्हाईत." मोडलेल्या दाताचं तोंड उघडं पडलं होतं. आतली पोकळी, जी डॉक्टरांनी इतकी धुऊन काढली होती, तिच्यात पुन्हा अन्न, थुंकी, घाण जात होती. पुढच्या वर्षी पुळी परत आली. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही.

एका दुपारी तिचा नवरा एकटाच आमच्या दारात आला. चपला काढायचं भान नव्हतं. मला म्हणाला, "अक्का, चला. त्वांड लय सुजलंय. मला म्हनली, अक्काला आना, तिला समदं ठावं हाय."

आम्ही तळेगावला उतरून बैलगाडीनं सोमाटणं गाठलं. बहिणीचा वरचा ओठ, नाक, एक डोळा, सगळं एक झालं होतं. कातडी ताणून चकचकीत झालेली, अंगात ताप. मला बघून तिनं पदर ओढायचा प्रयत्न केला. सासू उंबऱ्यात होती. मी तिला म्हटलं, "हिला इस्पितळात न्यायचंय." ती म्हणाली, "दाताचं नाव नगं पुन्यांदा. लेप लावलाय, बसंल." मी तिच्याशी भांडले नाही. बहिणीच्या नवऱ्याला म्हटलं, "गाडी जुंपा." त्यानं आयुष्यात पहिल्यांदा आईचं न ऐकता गाडी जुंपली.

तळेगावच्या इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोळ्याकडे बघितलं आणि माझ्याकडे बघायचं टाळलं. विष वर डोक्याकडे चढलं होतं. आज एका सुईनं जे बरं होतं त्याला तेव्हा औषध नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती शुद्धीत नव्हती. संध्याकाळ व्हायच्या आत गेली. पुढं मी त्याच इस्पितळात शिकायला आले आणि फार काळ तिथून हलले नाही, पण ती वेगळी गोष्ट आहे.

प्रेत सोमाटण्याला नेलं. हिरवं लुगडं नेसवलं, चुडा भरला, मळवट भरला. बायका म्हणत होत्या, भाग्याची पोर, भरल्या कपाळानं गेली. माझ्या कपाळाकडे बघून म्हणत होत्या. त्या भाग्याला आग लागो, असं मला ओरडून सांगावंसं वाटलं. सवाष्णीच्या तोंडात शेवटी विडा देतात. तिच्या सासूनं पान आणलं, पण सुजलेला ओठ वर केल्याबरोबर तिचे हात थांबले. आत तो खुंट होता. ती मागे सरली. मी पुढं झाले. कुणीतरी म्हणालं, "तू न्हाई, तू बाजूला हो."

मी झाले नाही. सासूच्या हातातून विडा घेतला आणि बहिणीच्या तोंडात ठेवला. तो मोडक्या दाताच्या फटीतून सारखा घसरत होता, म्हणून ओठ मिटेपर्यंत मी तो बोटानं धरून राहिले.